सरांची कॅसेट आणि मारवा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता 'आयटी क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, अरे, आपली निम्मी पोरं-पुतणे आता पुण्यात आणि हिंजवडीतच आहेत. त्यांना संधी माझ्यापेक्षा जास्त कळतात. मला दुसऱ्या विषयावर बोलू दे. तो म्हणाला, कोणत्या? मी म्हटलं, मारव्यावर. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तो रडका राग का?"

बघा, तीस वर्षांनंतरही त्याला आठवतं. तुम्हालाही आठवत असेल. दहावीच्या वर्षी संध्याकाळी आपण दहा-बारा जण गणिताच्या सरांच्या घरी बसायचो. सरांचं नाव मी घेत नाही, ते तुम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं. शेवटचं प्रमेय संपलं की सर उठायचे, कोनाड्यातला टेपरेकॉर्डर काढायचे आणि म्हणायचे, "बसा ना लेकहो, पाच मिनिटं." बाहेर गुरं परत येत असायची, धूळ उडालेली, पुसदची एसटी स्टँडवर हॉर्न वाजवत असायची, आणि आत तो राग सुरू व्हायचा. मागून कोणीतरी पुटपुटायचं, "सर हे कायले लावतात?" पाच मिनिटांची वीस मिनिटं व्हायची. आपल्यापैकी बहुतेकांना त्या रागाचं एकच महत्त्व होतं: तो संपला की सुटी.

मीही त्याच 'कायले'वाल्यांतली होते. म्हणून आज जे सांगणार आहे त्यात कौतुक कमी आणि कबुली जास्त आहे.

बारावीनंतर १९९८ मध्ये मला अमरावतीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पेढे द्यायला गेले तर सरांनी एक कॅसेट हातात ठेवली. सी-६०, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. अ बाजूला वसंतराव देशपांड्यांचा मारवा. नागपूरच्या कोण्या मित्राकडच्या टेपवरून सरांनी तो उतरवून घेतला होता. ब बाजूवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'समजावणी'. त्या बाजूला सर स्वतः बोलत होते. पेटी घेऊन, मारवा म्हणजे काय, पुरिया म्हणजे काय, सोहनी म्हणजे काय, असं अर्धा तास समजावून सांगितलं होतं. सर म्हणाले, "वसंतराव मूर्तिजापूरचे. आपल्या जिल्ह्याचे. घेऊन जा, ऐकशील कधी. पण आणून दे मात्र."

तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो. त्याच वर्षी १ जुलैला वाशीम जिल्हा वेगळा झाला. पुढच्या सुटीत भेटले तेव्हा सर हसून म्हणाले, "मूर्तिजापूर गेलं त्या जिल्ह्यात, वसंतराव राहिले आपल्याकडे." आणि विचारलं, "ऐकली का?" मी म्हटलं, हो. खोटं सांगितलं.

आता खरं काय झालं ते सांगते. १९९९ मध्ये 'ताल' सिनेमा आला. होस्टेलवर खोलीतल्या मैत्रिणीकडे दोन कॅसेटचा डेक होता. रात्री गाणी उतरवून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट नव्हती. मी सरांची कॅसेट घेतली. वसंतराव पुसायची हिंमत झाली नाही, म्हणून ब बाजू लावली. म्हटलं, समजावणी काय, सर पुन्हाही सांगतील.

मित्रांनो, टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करणाऱ्या हेडच्या आधी एक इरेज हेड असतं. नवीन आवाज लिहिण्याच्या क्षणभर आधी ते जुना आवाज साफ करतं. आमच्या धंद्यात डिलीट केलेली फाइल पुष्कळदा परत मिळते. टेपवरचं पुसलेलं मिळत नाही. हे मी इंजिनिअर म्हणून नीट तपासून पाहिलं आहे, नंतर, गरज पडल्यावर.

मारवा मी पहिल्यांदा खरा ऐकला तो नोकरी लागल्यावर. पुण्यात कंपनीच्या बसमध्ये, संध्याकाळी, हेडफोन लावून. घरापासून लांब, खोलीवर कोणी वाट बघत नाही, आणि खिडकीबाहेर उजेड जातोय. कोणाच्या तरी संग्रहातून गाणी फोनवर घेतली होती, त्यात चुकून उस्ताद अमीर खाँचा मारवा आला होता. दोन मिनिटांत मला सरांच्या ओसरीवरचा शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास आला. तेव्हापासून हा राग माझ्या मागे लागला. जितक्यांचा मिळेल तितक्यांचा मारवा मी ऐकला. एकाच गोष्टीच्या दहा आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहायचा, ही सवय कामातली. ती इथेही लागली.

आधी राग काय आहे ते थोडक्यात सांगते. सरांची समजावणी मी पुसली, तेव्हा ती भरपाई मलाच करायला हवी.

आपण गाणं ऐकतो तेव्हा दोन स्वर घराच्या खांबांसारखे असतात, षड्ज आणि पंचम. तानपुरा एरवी तेच दोन वाजवत असतो. मारव्यात पंचम नाहीच. म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादावर किंवा धैवतावर लावतात. एक खांब गेला. आणि दुसरा, म्हणजे सा, तो आहे, पण गाणारा त्याच्याकडे जायचं टाळतो. कोमल रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, सा ला वळसा घालून पुढे जातो. कानाला शंका येते की धैवत हाच सा असावा. मग गाणारा कधीतरी, फार वेळाने, खऱ्या सा वर येतो आणि क्षणभर सगळं जागेवर बसतं. लगेच पुन्हा निघून जातो.

अजून एक. रागात वादी आणि संवादी असे दोन मुख्य स्वर असतात आणि त्यांचं सहसा छान जुळतं, सा आणि प जुळतात तसं. मारव्याचे वादी-संवादी कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत. पेटीवर मोजून पाहा, जुळायला हवं त्यापेक्षा अंतर अर्ध्या स्वराने जास्त आहे. म्हणजे ज्या दोन पायांवर राग उभा आहे, त्यांचंच एकमेकांशी पटत नाही. आपल्याला लहानपणी जी बेचैनी वाटायची, 'रडका' म्हणायचो, ती इथून येते. आपले कान बरोबर होते.

आणि गंमत म्हणजे हेच सहा स्वर पुरियाचे, हेच सोहनीचे. पुरिया गंधार आणि निषादाकडे झुकतो, खालच्या सप्तकात रमतो आणि शांत होतो. सोहनी तार सप्तकात चढते आणि रात्र सरत आली की गायची. स्वर तेच, पण कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही एवढ्यावर तीन वेगळी माणसं तयार होतात. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा एकच आहे, लॉजिक तीन प्रकारचं.

यमन, भूप, मालकंस यांच्या मानाने मारवा मागे राहतो. त्यात गुणगुणायला सोपी अशी गाणी कमी. वेळ सूर्यास्ताची, आणि ती घरात सगळ्यात गडबडीची. दिवाबत्ती, दूध, पोरांचा अभ्यास. शिवाय ऐकणाऱ्याला टेकायला जागा देत नाही. पाहुणे आल्यावर कोणी मारवा लावत नाही. मान सगळे देतात, लावतं कोणी नाही.

आता माझे तीन आवडते मारवे.

पहिला अमीर खाँसाहेबांचा. १९६० च्या सुमाराची एचएमव्हीची एलपी. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. इंदूरचे खाँसाहेब अतिविलंबित झूमरा गायचे. चौदा मात्रांचा ताल, आणि तोही इतका सावकाश की पुढची सम येईपर्यंत माणूस दुसराच विचार करून परत येतो. अशा गायकाला एलपीच्या एका बाजूत, वीस-बावीस मिनिटांत, मारवा मांडायचा होता. घाई कुठेही दिसत नाही. बंदिशीत दूरदेशी गेलेल्या प्रियाची गोष्ट आहे. पण खाँसाहेब शब्दांवर जोर देत नाहीत, आवाज चढवत नाहीत. आवाज खाली, खोल, स्वतःशी बोलल्यासारखा. सा टाळणं हे त्यांच्याकडे युक्ती वाटत नाही. घर आठवतंय पण विषय काढायचा नाही, असं माणूस वागतं ना, तसं. १९७४ मध्ये कोलकात्यात मोटार अपघातात ते गेले. ही एलपी राहिली. मारवा म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हीच हातात देईन.

दुसरा पंडित रविशंकरांचा. १९६८ ची 'इन न्यूयॉर्क' नावाची एलपी, तबल्यावर अल्लारखाँ. त्यात बैरागी, नटभैरवी आणि मारवा आहे. सतारीवर मारव्याची एक अडचण आहे. छेडलेला आवाज विरत जातो, आणि मारव्याला तर रिषभावर रेंगाळायचं असतं. मग तार ओढून मींडेने तो स्वर जिवंत ठेवावा लागतो. त्या ओढीचा ताण कानाला कळतो. शब्द नसल्यामुळे कोण कुठे गेलं, कोणाची वाट बघतोय, हे काहीच सांगितलं जात नाही. नुसती संध्याकाळ उरते. एका प्रकल्पासाठी मी दोन वर्षं परदेशात होते. तिथे हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडायचा. तेव्हा हा मारवा मी फार ऐकला. पण एक तक्रार आहे. तबला आला की मैफल रंगते, आणि मारव्याने रंगावं असं मला वाटत नाही.

तिसरा वसंतरावांचा. इथे मला थोडं थांबावं लागेल.

डॉ. वसंतराव देशपांडे, जन्म २ मे १९२०, मूर्तिजापूर. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकले. १९३५ च्या 'कालियामर्दन' चित्रपटात बालकृष्ण झाले. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली. दिवसभर आकडे आणि संध्याकाळी गाणं. गणिताच्या सरांना ते जवळचे का वाटत, हे मला आता कळतं. १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं, त्यातले खाँसाहेब म्हणजे वसंतराव. दारव्हेकरही आपल्या विदर्भाचे, नागपूरचे. तरुणपणी वसंतराव लाहोरला होते. तिथे असद अली खाँ यांच्याकडे ते मारवा शिकले. बरेच दिवस खाँसाहेबांनी दुसरा राग शिकवलाच नाही, आणि शेवटी मारवा आला म्हणजे सगळं आलं असं म्हणून मोकळं केलं, अशी गोष्ट सांगतात. २०२२ मध्ये 'मी वसंतराव' चित्रपट आला, त्यात नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केली. त्यातही लाहोर आणि मारवा आहे. थिएटरमध्ये माझी मुलगी शेजारी होती. ती म्हणाली, "आई, तू का रडतेस? अजून काही झालं पण नाही."

वसंतरावांचा मारवा अमीर खाँसाहेबांच्या अगदी उलटा. ते गप्प बसत नाहीत. रिषभावर झेप घेतात, तिथून कुठे जातील याचा भरवसा नाही, तान वाकडी होऊन भलत्याच जागेवरून उतरते. सूर्य मावळतोय आणि हा माणूस त्याच्याशी भांडतोय. सर याच्यावर जीव टाकायचे. त्यांच्या मते मारवा गावा तर वसंतरावांनीच.

आणि इथे माझं सरांशी पटत नाही. मला वाटतं, वसंतराव थोर, पण मारव्यात अमीर खाँ वरचढ. वसंतराव मारव्यावर मात करतात, खाँसाहेब मारव्याला होऊ देतात. हे मला सरांना सांगायचं होतं. ते मानले नसते. "काहून वं, कशावरून?" असं म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर काढला असता. गणितात त्यांच्याशी वाद घालायची माझी कधी छाती झाली नाही, पण या विषयावर मी तयारी करून बसले होते. २०११ च्या पावसाळ्यात आईचा फोन आला, सर गेले. मी परदेशात होते. कॅसेट परत द्यायची राहिली. पुसली हे सांगायचं राहिलं. आणि भांडायचंही राहिलं.

मधल्या वर्षांत मी गावी येत होते. सरांच्या घरावरून जात होते. दोनदा दारापर्यंत गेले आणि काकूंनी पाहायच्या आत परत फिरले. काकू, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे.

या मेळाव्याचं ठरलं तेव्हा मी ती कॅसेट काढली. पंचवीस वर्षं डब्यात होती. जुना डेक शोधला, दुरुस्त केला आणि लॅपटॉपला जोडून अ बाजू उतरवून घेतली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मूळ रेकॉर्डिंगच्या तुलनेत सरांची टेप किंचित वेगात चालते, सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढलेला आहे. उतरवून घेताना कोणत्यातरी मशीनची मोटर कमी-जास्त फिरत असणार. म्हणजे वसंतरावांचा जो मारवा आपण सगळ्यांनी संध्याकाळी ऐकला, तो खरा त्या पट्टीचा नव्हताच. त्यात मध्ये एकदा कुकरची शिट्टी आहे. तीस मिनिटं झाली की तान अर्ध्यावर तुटते. तुम्हाला आठवतं? तान तुटली की आपण चपला शोधायचो.

सॉफ्टवेअरने वेग दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम आहे. केलं. खरी पट्टी आली. ऐकून पाहिलं आणि ती फाइल तशीच बाजूला ठेवली. तुमच्यासाठी आणलेली प्रत चढ्या सुराचीच आहे, शिट्टीसकट.

मग ब बाजू लावली. त्यात 'ताल'ची गाणी असणार हे माहीतच होतं. तरी पूर्ण उतरवावी म्हणून लावून ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. होस्टेलवर मी शेवटचं गाणं संपलं की टेप बंद करायचे. त्यापुढे कधी ऐकलंच नव्हतं. गाणी अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांत संपली. खट्ट असा आवाज आला. आणि पेटी वाजायला लागली.

शेवटचा सव्वा मिनिट माझ्याकडून पुसायचा राहिला होता.

पोळी तव्यावर तशीच टाकून मी बाहेर आले. मुलगी म्हणाली, हे कोण? मी म्हटलं, आमचे सर.

आता मी तो सव्वा मिनिट ऐकवते. समजावणीचा शेवट आहे. मारवा, पुरिया झालेले आहेत, सोहनी चालू आहे. सर काही मोठे गायक नव्हते, आवाज जरा फाटतो. मागे काकूंचा आवाज येतो, दूध आणलं का म्हणून विचारतात. तेवढं ऐका.

(येथे ध्वनिफीत ऐकवण्यात आली.)

ज्यांना नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवटी सर म्हणतात, "हां. आता बाजू पलट, आन् पुन्हा ऐक. घाई करू नको."

काकू, कॅसेट आणली आहे. सत्तावीस वर्षं उशीर झाला. ब बाजू खराब केली त्याची माफी मागते. पेनड्राइव्हमध्ये सगळं उतरवून दिलं आहे, शेवटचा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये आहे. शाळेसाठी एक प्रत मुख्याध्यापकांकडे देते. त्यात अमीर खाँसाहेबांचाही मारवा घातला आहे. कोणाला सरांच्या बाजूने माझ्याशी भांडायचं असेल तर जेवणानंतर मी पटांगणात कडुलिंबाखाली बसलेली आहे.